राखीव मतदारसंघातील डॉक्टर : संथाळ समाज, वैद्यकी आणि राष्ट्रीय राजकारण

संथाळ समाजातील एखादा डॉक्टर लोकसभेच्या निवडणुकीला उभा राहिला की त्याची ओळख बहुधा दोन शब्दांत आटोपली जाते : उच्चशिक्षित आणि आदिवासी. हे दोन शब्द शेजारी ठेवले की जणू सगळे सांगून झाले, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात राजकीय पक्षांना त्या मतदारसंघात डॉक्टरच उमेदवार म्हणून का हवा असतो, त्याला मत देणारे लोक कोण असतात, संसदेत पोहोचल्यावर त्याच्या वैद्यकीय ज्ञानाला वाव मिळतो की नाही आणि पाच वर्षांनी तो कुठे असतो, हे खरे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. पश्चिम बंगालमधील झाडग्राम मतदारसंघाचा अलीकडचा इतिहास या प्रश्नांना बरीचशी उत्तरे देतो, म्हणून या आढाव्यात त्याला मध्यवर्ती जागा दिली आहे. इतर उदाहरणे तुलनेपुरती घेतली आहेत.

संथाळ हा पूर्व भारतातील सर्वांत मोठ्या आदिवासी समाजांपैकी एक. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमाती म्हणून नोंदलेल्या संथाळांची संख्या झारखंडमध्ये सुमारे साडेसत्तावीस लाख, पश्चिम बंगालमध्ये सुमारे पंचवीस लाख, ओडिशात नऊ लाखांच्या जवळ आणि बिहारमध्ये चार लाख होती. संथाळी भाषा बोलणाऱ्यांची संख्या याहून मोठी, म्हणजे सुमारे ७४ लाख भरते. या तफावतीचे एक कारण असे की आसामच्या चहामळ्यांवर आणि आसपास वसलेल्या संथाळांना त्या राज्यात अनुसूचित जमातीचा दर्जाच नाही. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्यांपैकी झारखंडमधील दुमका आणि राजमहाल, ओडिशातील मयूरभंज आणि पश्चिम बंगालमधील झाडग्राम या चार मतदारसंघांत संथाळ उमेदवार असणे हे जवळजवळ गृहीतच धरले जाते. सत्तर लाखांहून अधिक लोकांच्या भाषिक समाजाचा राष्ट्रीय राजकारणातील दरवाजा एवढ्या चार चौकटींचा आहे.

या दरवाजातून आजवर आत गेलेल्यांची पार्श्वभूमी पाहिली तर तिच्यात समाजाच्या शिक्षणाचा इतिहासच उमटलेला दिसतो. १८५५ चा हूल, म्हणजे सिदो आणि कान्हू मुर्मू यांच्या नेतृत्वाखाली भोगनाडीहमधून उठलेले बंड, हे सावकार, जमीनदार आणि कंपनीची कचेरी यांच्या विरोधातले होते; त्यानंतर इंग्रजांनी संथाळ परगणा हा वेगळा जिल्हा निर्माण केला आणि तेव्हापासून जमीन हाच संथाळ राजकारणाचा कणा राहिला. झारखंडमधील शिबू सोरेन यांचे नेतृत्व सावकारांनी बळकावलेल्या शेतातले भात कापून आणण्याच्या आंदोलनातून उभे राहिले. दुसरी पिढी शाळा आणि कचेरीतून आली : झारखंडचे पहिले मुख्यमंत्री बाबूलाल मरांडी हे शिक्षक होते, आणि २०२२ मध्ये राष्ट्रपती झालेल्या द्रौपदी मुर्मू यांनी आधी ओडिशा सरकारच्या पाटबंधारे खात्यात कारकुनी आणि पुढे रायरंगपूरच्या शाळेत अध्यापन केले होते. शिक्षक, कारकून, पोलीस, रेल्वे कर्मचारी हे पहिल्या पिढीच्या शिक्षणातून हाती लागणारे व्यवसाय आहेत. डॉक्टर या क्रमात उशिरा येतो, कारण साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्याआधीची शास्त्र शाखेची तयारी आणि तोवर घरात कमावता हात नसणे हे परवडण्यासाठी आधीच्या पिढीतल्या कुणाला तरी पगार मिळत असावा लागतो.

वैद्यकीची परंपरा मात्र समाजाला नवी नाही. संथाळीत औषधाला ‘रान’ म्हणतात (मराठी वाचकाला हा शब्द वेगळ्याच अर्थाने जवळचा आहे), आणि मुळ्या, साली, पाने यांची माहिती असलेले जाणकार गावोगाव असत. पॉल ओलाफ बोडिंग या नॉर्वेजियन मिशनऱ्याने संथाळांच्या शेकडो औषधांची नोंद करून ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एशियाटिक सोसायटीतर्फे प्रसिद्ध केली. या नोंदींतून दिसते की मुळीचे औषध देणारा जाणकार आणि आजाराच्या मागे कोण आहे हे सांगणारा ओझा ही दोन वेगळी कामे होती, जरी एकच माणूस कधीकधी दोन्ही करीत असे. तिसरा असतो जानगुरू, म्हणजे अमुक बाई डाकीण आहे असा निवाडा देणारा, आणि त्याचा निवाडा आजही जीवघेणा ठरतो. आधुनिक डॉक्टर संथाळ गावात जातो तेव्हा तो रिकाम्या जागेत जात नाही. आजार म्हणजे काय, तो कुणामुळे येतो आणि तो सांगण्याचा अधिकार कुणाचा, याबद्दलच्या जुन्या समजुतींच्या मध्ये त्याला आपली जागा करावी लागते. या समाजात डॉक्टरच्या शब्दाला राजकीय वजन का येते, हे समजण्यासाठी एवढी पार्श्वभूमी लागते.

डॉक्टर होण्याची वाट भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मूल घरात संथाळी बोलते, शाळेत बंगाली, हिंदी किंवा उडिया माध्यमात शिकते आणि वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजीत. दर पायरीवर काही मुले गळतात, आणि शेवटच्या पायरीवर पोहोचलेल्याला आपण कुठून आलो हे सांगण्यासाठीही परक्या भाषेत बोलावे लागते. संथाळी भाषेचा २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत समावेश झाला आणि रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास तयार केलेली ओल चिकी लिपी आज शाळांतून शिकवली जाते, तरी विज्ञान विषय संथाळीतून शिकवणारे शिक्षक फार थोडे आहेत. वैद्यकीय प्रवेशाच्या केंद्रीय कोट्यात अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण सहा टक्के आहे. वैद्यकीय महाविद्यालयेही आता दारात आली आहेत : बारीपदा येथील महाविद्यालयाला पंडित रघुनाथ मुर्मू यांचे, तर दुमका येथील महाविद्यालयाला सिदो-कान्हूंच्या बहिणी फूलो आणि झानो मुर्मू यांचे नाव आहे आणि झाडग्रामला २०२२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वसतिगृहात आणि वॉर्डात आदिवासी विद्यार्थ्यांना ‘कोट्यातून आलेले’ म्हणून जे ऐकावे लागते ते महाराष्ट्राला अपरिचित नाही. २०१९ मध्ये मुंबईत तडवी भिल्ल समाजातील एका तरुण निवासी डॉक्टरच्या मृत्यूने तो प्रश्न देशापुढे आणला होता. हे सगळे ओलांडून पदवी घेतलेल्या तरुणाकडे समाज जेव्हा अभिमानाने पाहतो, तेव्हा त्या अभिमानात अनेक न पोहोचलेल्यांची आठवणही असते.

झाडग्राम हा पूर्वीच्या पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, शालवृक्षांच्या जंगलांचा आणि तांबड्या मातीचा भाग. २०१७ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. बांकुडा आणि पुरुलियाच्या लगतच्या पट्ट्यासह याला जंगलमहाल म्हणतात. २००४ मध्ये बेलपहाडीजवळच्या आमलाशोल गावातील भूकबळींच्या बातम्यांनी या भागाचे नाव कोलकात्याच्या घराघरात पोहोचले. नोव्हेंबर २००८ मध्ये शालबनीजवळ तत्कालीन मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या ताफ्याच्या वाटेवर भूसुरुंगाचा स्फोट झाला, त्यानंतर लालगड परिसरात पोलिसांनी केलेल्या धरपकडीतून आदिवासींचे मोठे आंदोलन उसळले, त्यात माओवाद्यांनी शिरकाव केला आणि पुढची तीन वर्षे हा प्रदेश दोन बंदुकांच्या मध्ये सापडला. रस्ते खणून ठेवलेले, रात्री गाड्या बंद, आरोग्य केंद्रांवर कर्मचारी नाहीत, अशा काळात रुग्णाला खाटेवर घालून नेणे हाच बऱ्याच गावांचा उपाय होता. डॉक्टर ही व्यक्ती या भागाच्या राजकारणात पुढे आली ती नेमकी या काळाच्या अखेरीस, हा योगायोग मानता येत नाही. पोलीस, पक्ष आणि जंगलातले दल या तिघांवरचाही विश्वास उडालेला असताना सर्वांच्या दारात जाऊ शकणारा माणूस म्हणून डॉक्टरच उरला होता.

२०११ च्या विधानसभा निवडणुकीत तृणमूल काँग्रेसने झाडग्राममधून डॉ. सुकुमार हांसदा यांना उमेदवारी दिली. लालगड आंदोलनातील छत्रधर महातो हे तुरुंगातून अपक्ष म्हणून त्याच मतदारसंघात उभे होते. हांसदा निवडून आले, ममता बॅनर्जी यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पश्चिमांचल विकास खाते आले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते विधानसभेचे उपाध्यक्ष होते. या निवडणुकीतील एक तपशील सहसा नजरेतून सुटतो : झाडग्राम ही लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असली, तरी त्याच नावाची विधानसभेची जागा राखीव नाही. म्हणजे संथाळ डॉक्टरला पक्षाने खुल्या जागेवर उभे केले आणि मतदारांनी तिथे त्याला दोनदा, २०११ आणि २०१६ मध्ये, निवडून दिले.

लोकसभेत पोहोचणाऱ्या संथाळ डॉक्टरचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. उमा सोरेन, बंगाली उच्चारानुसार सरेन. २०१४ मध्ये तृणमूल काँग्रेसने या तरुण डॉक्टरला झाडग्राममधून उभे केले आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विद्यमान खासदार पुलिन बिहारी बास्के यांचा त्यांनी सुमारे साडेतीन लाख मतांनी पराभव केला. तीन दशकांहून अधिक काळ डाव्यांकडे असलेली जागा त्यामुळे हातची गेली. पाच वर्षांनी पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. २०१९ मध्ये तृणमूलच्या बीरबाहा सोरेन यांना भारतीय जनता पक्षाचे कुनार हेंब्रम यांनी बारा हजारांहूनही कमी मतांनी हरवले. हेंब्रम अभियंता, त्यांनी २०२४ च्या निवडणुकीपूर्वी भाजप सोडला. २०२४ मध्ये भाजपने डॉ. प्रणत टुडू या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरला पुढे आणले, तर तृणमूलने कालीपद सोरेन या संथाळी नाटककाराला, ज्यांना समाज खेरवाल सोरेन या लेखननावाने ओळखतो आणि ज्यांना साहित्य अकादमी पुरस्कार व पद्मश्री मिळालेली आहे. मतदानाच्या दिवशी गडबेता भागात टुडू यांच्या ताफ्यावर दगडफेक झाली. निकालात कालीपद सोरेन पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी विजयी झाले. २००९ ते २०२४ या काळात झाडग्रामने चार निवडणुकांत चार वेगळे खासदार पाठवले, आणि विद्यमान खासदार पुन्हा जिंकून आला असे एकदाही घडले नाही.

या क्रमाकडे नीट पाहिले तर पक्षांची निवड यादृच्छिक नसल्याचे लक्षात येते. झाडग्राम जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीस टक्क्यांहून थोडी कमी होती. लोकसभा मतदारसंघात गडबेता, शालबनी यांसारखे बिगरआदिवासी बहुसंख्येचे भागही येतात. राखीव जागेचा नियम कोण उभे राहू शकते हे ठरवतो, पण मतदार सर्वच असतात. म्हणून या जागेवरचा उमेदवार आदिवासी असणे बंधनकारक आणि त्याला निवडून देणारे बहुतांश मतदार बिगरआदिवासी, अशी स्थिती निर्माण होते. यात कुडमी महातो आहेत, बंगाली शेतकरी जाती आहेत, बाजारपेठांतले व्यापारी आहेत. अशा मतदारसंघात पक्षाला असा संथाळ माणूस हवा असतो ज्याच्याशी बिगरआदिवासी मतदाराची आधीच ओळख आहे आणि ज्याच्या घरात तो केव्हातरी आपल्या मुलाला घेऊन गेलेला आहे. जमिनीच्या आंदोलनातून आलेला नेता इथे अडचणीचा ठरतो, कारण त्याचे भांडण याच शेजाऱ्यांपैकी कुणाशी तरी असू शकते. मांझी, म्हणजे परंपरेने चालत आलेला गावप्रमुख, आपल्या गावापलीकडे ओळखला जात नाही. डॉक्टर मात्र सर्वांचा असतो. सुकुमार हांसदांना खुल्या जागेवरही यश मिळाले ते याच कारणाने, आणि डॉक्टरांप्रमाणेच अभियंता व लेखक यांनाही उमेदवारी मिळाली तीही याच कारणाने. झाडग्रामच्या संथाळ उमेदवारात पक्ष शिक्षणाइतकीच ही सर्वमान्यता शोधत आले आहेत, असे म्हणावे लागते.

ही सर्वमान्यता उमेदवाराला निवडून आणते आणि त्याच वेळी त्याचे तोंड बांधते. कुडमी समाज अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी करीत आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये त्यासाठी जंगलमहालात दिवसचे दिवस रेल्वे रोखून धरल्या गेल्या. संथाळ संघटनांचा या मागणीला ठाम विरोध आहे, कारण आधीच थोड्या असलेल्या नोकऱ्या, शिक्षणाच्या जागा आणि मतदारसंघ यांत मोठा वाटेकरी येईल अशी त्यांना भीती वाटते. झाडग्रामचा खासदार या प्रश्नावर कुठलेही स्पष्ट विधान करो, त्याच्या मतांचा एक मोठा भाग दुखावतो. संथाळी भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत मराठीसारखाच भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर ‘आले’ आणि त्याला धरून बोलायचे तर ‘आबो’. बंगाली ‘आमरा’त हा भेद नाही. संथाळ वस्तीत बोलताना उमेदवाराला या दोन शब्दांतून एक निवडावाच लागतो, बाजारपेठेत बंगालीत बोलताना ती वेळ येत नाही, आणि प्रचाराचा बहुतेक भाग बंगालीत होतो.

महाराष्ट्रातील उदाहरण शेजारी ठेवले की फरक उघड होतो. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण जवळपास सत्तर टक्के आहे, म्हणजे तिथे उमेदवार आणि मतदार दोन्ही बहुतांशी आदिवासीच. २०१४ मध्ये, उमा सोरेन ज्या लोकसभेत गेल्या त्याच लोकसभेत, डॉ. हीना गावित नऊ वेळा खासदार राहिलेल्या माणिकराव गावितांचा पराभव करून नंदुरबारहून गेल्या. त्या लोकसभेतील सर्वांत तरुण सदस्यांपैकी एक होत्या. त्यांचे वडील डॉ. विजयकुमार गावित हेही डॉक्टर; राज्यात त्यांनी आदिवासी विकास आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन्ही खाती सांभाळली होती. हीना गावित यांना २०१९ मध्ये पुन्हा उमेदवारी मिळाली आणि त्या पुन्हा जिंकल्या, कारण त्यांच्या मागे जिल्ह्यात अनेक वर्षांत उभे केलेले घराण्याचे जाळे होते आणि पक्षाला ते हवे होते. दिंडोरीच्या डॉ. भारती पवार या माजी मंत्री ए. टी. पवार यांच्या स्नुषा. त्या २०१९ मध्ये निवडून आल्या आणि २०२१ ते २०२४ केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या. मध्य प्रदेशातील डॉ. हिरालाल अलावा यांचा मार्ग तिसरा : दिल्लीच्या एम्समधील सहायक प्राध्यापकाची नोकरी सोडून त्यांनी जय आदिवासी युवा शक्ती, म्हणजे ‘जयस’, ही तरुणांची संघटना उभी केली आणि तिच्या बळावर काँग्रेसशी बोलणी करून २०१८ मध्ये मनावर मतदारसंघातून विधानसभा गाठली, २०२३ मध्येही ते निवडून आले. घराणे नसेल तर संघटना, संघटना नसेल तर घराणे, यांपैकी एक पाठीशी असलेल्या डॉक्टरला पक्ष सहज बदलू शकत नाही. उमा सोरेन यांच्यापाशी यांपैकी तोलामोलाचे काही नव्हते. त्यांना उमेदवारी पक्षनेतृत्वाने दिली होती आणि पक्षनेतृत्वानेच ती काढून घेतली.

आता दुसरा प्रश्न : डॉक्टर असण्याचा संसदेत उपयोग काय? इथे राज्यघटनेची रचनाच आडवी येते. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नेमणे खासदाराच्या हातात नाही. त्याच्या हातात वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यातून रुग्णवाहिका घेता येते, इमारत बांधता येते, पण तिथे काम करणाऱ्यांचा पगार देता येत नाही. पक्षांतरबंदी कायद्यामुळे सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणे म्हणजे सदस्यत्व गमावणे. त्यात पश्चिम बंगालची आणखी एक अडचण अशी की त्या राज्यात पाचव्या अनुसूचीतील एकही क्षेत्र नाही, म्हणून ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा ‘पेसा’ कायदा तिथे लागू होत नाही. गडचिरोली किंवा दुमका येथील लोकप्रतिनिधीला कागदावर तरी जो आधार आहे, तो झाडग्रामच्या प्रतिनिधीला नाही.

तरीही डॉक्टरला जे दिसते ते इतरांना दिसत नाही, आणि त्याचे मोल मोठे आहे. संथाळ परगण्यातील काळाआजार हे याचे चांगले उदाहरण. दुमका, गोड्डा, साहिबगंज आणि पाकूड हे झारखंडमधील या रोगाचे चार जिल्हे. ताप आठवडेच्या आठवडे राहतो, प्लीहा वाढून पोट पुढे येते, रुग्ण खंगत जातो आणि उपचार न झाल्यास बहुधा मरतो. रोग पसरवणारी माशी डासाहून लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलाव्यात वाढते. म्हणून सरकारी फवारणी पथक येऊन भिंतींवर कीटकनाशक मारून जाते. संथाळ घर मात्र हाताने लिंपलेले असते. बायका मातीने आणि शेणाने भिंती गुळगुळीत करतात, खालच्या पट्ट्याला काळा, पिवळा किंवा तांबडा रंग देतात, आणि सोहराय हा गुराढोरांचा मोठा सण आला की सगळे घर नव्याने सारवले जाते. फवारणीनंतर लगेच सारवण झाले तर औषध मातीच्या थराखाली गाडले जाते आणि माशीला काहीच होत नाही. पथकाच्या नोंदवहीत घर ‘झाले’ असे लागते. सणाचे दिवस पाहून फवारणीची तारीख ठरवणे, सारवण काही आठवडे थांबवायला सांगताना ते का हे संथाळीत समजावणे, शेवटी भिंत पक्की होण्यासाठी घरकुलाचा निधी त्या गावांना आधी मिळवून देणे, हे तिन्ही निर्णय वेगवेगळ्या खात्यांचे आहेत. ते जोडण्याचे काम आरोग्य खात्यातला अधिकारी करू शकत नाही. लोकप्रतिनिधी करू शकतो, जर त्याला प्लीहा हाताला लागते तेव्हा काय वाटते आणि सोहराय कधी असतो, या दोन्ही गोष्टी ठाऊक असतील.

आदिवासी आरोग्याचा देशपातळीवरचा सर्वांत सविस्तर आढावा एका मराठी डॉक्टरच्या अध्यक्षतेखाली झाला आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समिती २०१३ मध्ये नेमली गेली आणि तिने २०१८ मध्ये अहवाल दिला. आदिवासींचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे, तर सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७ वर्षे, ही दरी त्या अहवालाने पुढे ठेवली. त्यातली आणखी एक गोष्ट झाडग्रामच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे : निम्म्याहून अधिक आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. आदिवासी आरोग्याच्या बहुतेक योजना मात्र आदिवासीबहुल भाग डोळ्यांपुढे ठेवून आखल्या जातात. निवडणुकीत ज्या अल्पसंख्येमुळे संथाळ उमेदवाराला सर्वमान्य व्हावे लागते, तीच अल्पसंख्या संथाळ रुग्णाला योजनेच्या कडेला ढकलते. एखाद्या संथाळ डॉक्टर-खासदाराने सातत्याने मांडावा असा याहून नेमका विषय सापडणे कठीण आहे. त्यासाठी एक कार्यकाळ पुरत नाही. संसदीय स्थायी समितीचे कामकाज समजून घेण्यातच पहिली दोन वर्षे जातात.

डाकीण ठरवण्याच्या प्रथेवर डॉक्टर-नेत्याची खरी परीक्षा होते. झारखंडने २००१ मध्ये, ओडिशाने २०१३ मध्ये याविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही याच विषयाला स्पर्श करतो. संथाळ गावात बळी पडते ती बहुतेक वेळा विधवा किंवा एकटी राहणारी बाई, आणि पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन असते. गावात एखादे मूल तापाने दगावते, जानगुरूकडे माणसे जातात आणि नाव बाहेर येते. ते मूल मेंदूच्या मलेरियाने गेले हे डॉक्टर सांगू शकतो, आणि त्याचे सांगणे संथाळीत, गावच्या मांझीसमोर झाले तर ते ऐकले जाण्याची शक्यता असते. पण हेच तो जाहीर व्यासपीठावरून बोलला तर समाजाची बदनामी केल्याचा ठपका येतो, कारण बाहेरच्यांनी ‘अडाणी आदिवासी’ हे चित्र रंगवण्यासाठी ही प्रथा वर्षानुवर्षे वापरली आहे. झारखंडच्या आरोग्य सेवेतील संथाळ डॉक्टर आणि इंग्रजी कथाकार हांसदा सौवेंद्र शेखर यांना समाजाचे चित्रण केल्याबद्दल काय सोसावे लागते ते अनुभवावे लागले; २०१७ मध्ये त्यांच्या कथासंग्रहावर बंदी आली, सरकारी नोकरीतून त्यांना निलंबित करण्यात आले, आणि बंदी काही महिन्यांनी उठली. ते राजकारणात नव्हते. राजकारणात असलेल्या डॉक्टरने या विषयावर मौन पाळले तर त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण त्या मौनाची किंमत ज्या बाईला मोजावी लागते तिच्या बाजूने पाहिले तर ते समर्थनीय ठरत नाही.

सरकारी सेवेतील डॉक्टरला निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा द्यावा लागतो आणि तो स्वीकारला गेलेला असावा लागतो, कारण घटनेच्या १०२ व्या अनुच्छेदानुसार शासनाखालील लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर हरला तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसू शकतो. पण संथाळ डॉक्टरांत खासगी दवाखाने थोडे आणि सरकारी नोकऱ्या अधिक आहेत, आणि हरलेल्याला जुन्या जागी परतणे सोपे नसते. जिल्हा रुग्णालयात संथाळी बोलणारा डॉक्टर मुळातच एखादा, आणि तोच निवडणुकीला उभा राहतो. तो गेल्यावर त्याच्या बाह्यरुग्ण विभागात म्हातारी बाई पोटावर हात ठेवून काय होते आहे ते आपल्या भाषेत सांगते, वॉर्डातली एखादी मावशी किंवा दहावीपर्यंत शिकलेला नातू ते बंगालीत करून सांगतो, आणि केसपेपरवर ‘पोटदुखी’ एवढाच शब्द उतरतो. डिसेंबर २०१९ मध्ये ओडिशाच्या खासदार सरोजिनी हेंब्रम यांनी राज्यसभेत संथाळीतून भाषण केले, तेव्हा सभागृहाने त्यासाठी दुभाष्याची सोय केली होती; रुग्णालयातल्या म्हातारीला ती मिळत नाही. झाडग्रामच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या पहिल्या तुकड्यांत संथाळी मातृभाषा असलेले किती जण असतील आणि त्यांतले किती त्याच जिल्ह्यात राहतील, यावर संथाळ डॉक्टरांच्या या प्रश्नाचा पुढचा भाग अवलंबून आहे.